चार फूट दोन इंच

दि. १२ सप्टेंबर

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. खुर्चीत बस, चष्मा लाव आणि वहिनींनाही हाक मार, म्हणजे मला तेच दोनदा लिहायला नको. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

चार दिवस मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघाले, ते खोटं होतं. मी तळ्याकाठच्या या जिल्ह्यात आले आणि जमीन घेतली. कागद माझ्या नावावर झाला, शिक्का बसला, पावती पर्समध्ये आहे. तू तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतास, खोटा काटा लांबून ओळखायचास, आणि घरातलं खोटं तुला कळलं नाही, याची मला जराशी गंमतच वाटते आहे.

जमीन स्वस्त का, हे तू विचारशीलच. इथली तरुण माणसं कामासाठी निघून गेली, शाळेत अकरा मुलं उरली, अर्धी घरं कुलपात आहेत. म्हणून जमीन कचेरी पडीक तुकडे कमी किमतीत देते. अट एकच आहे. एकतीस मेपर्यंत घरावर छप्पर चढलं पाहिजे आणि जमीन घेणारा त्यात राहत असला पाहिजे. नाहीतर जमीन परत जाते. माझ्या तुकड्यावर एक वाकडं झाड आहे, गवत कमरेएवढं आहे, आणि उतारावरून खाली तळं दिसतं. हवा स्वच्छ असली तर पलीकडचा काठही दिसतो.

तू म्हणशील, एकोणसाठाव्या वर्षी हे काय भलतंच. तर सांगते. गेल्या वर्षी तू धुण्याचं यंत्र आणलंस. ते मागच्या व्हरांड्यात बसावं म्हणून माझं शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवलंस. कपडे धुणाऱ्या मशीनसाठी कपडे शिवणारं मशीन हललं. त्याआधी ते पाहुण्यांसाठी हललं, गोटीच्या पाळण्यासाठी हललं, तुझ्या स्कूटरसाठी हललं. मी मोजलं तर नऊ वेळा झालं. दहाव्यांदा ते मी हलवणार आहे. सोबतच्या पत्त्यावर ट्रकनं पाठवून दे. तोवर पोस्टाच्या मागची खोली भाड्यानं घेतली आहे.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
धाकटी


दि. २० सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळाले. दोनदा वाचले. तुझ्या वहिनीने एकदाच वाचले आणि ती हसली, हे मला मुळीच आवडलेले नाही.

तुला घर नव्हते का, हा माझा पहिला प्रश्न आहे. आईवडील गेले तेव्हा तू वीस वर्षांची होतीस. त्या दिवसापासून या घरात तुझे ताट कधी वेगळे मांडले गेले नाही. कोणी तुला टाकून बोलले असेल तर त्याचे नाव कळव. मशीन चार हात इकडेतिकडे झाले म्हणून माणूस घर सोडून जातो, असे मी नोकरीच्या तीस वर्षांत ऐकले नाही.

दुसरे म्हणजे, तुला घर बांधण्यातले काय कळते. गवंडी तुला बाजारात नेऊन विकून येतील. तिसरे, मागच्या वर्षी तू जिन्यापाशी पडलीस तेव्हा उचलायला मी होतो. तिथे पडलीस तर कोण आहे? ते वाकडे झाड?

हट्ट सोड आणि परत ये. मशीन मी पाठवणार नाही. ते व्हरांड्यात आहे तिथेच राहील, म्हणजे तुला परत येण्याची आठवण राहील.

वडीलकीच्या नात्याने लिहिले आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. २७ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मशीन मिळालं. वहिनींनी पाठवलं. तू बँकेत गेला होतास तेवढ्या दोन तासांत त्यांनी ट्रकवाला गाठला म्हणे. त्यांना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी तेलाची बाटली आणि सुयांची डबीसुद्धा आठवणीनं घातली आहे.

मी पडले होते ती तुझ्याच चपलांच्या फळीला अडखळून. माझ्या घरात फळी भिंतीत असेल.

तुझी,
धाकटी


दि. १६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पाच महिन्यांत पत्र नाही. माझी तीन गेली. ठीक आहे, तू अबोला धर, मी लिहीत राहते. दोघंही गप्प बसलो तर पोस्टमास्तर उपाशी मरेल.

पाया झाला, भिंती खांद्याएवढ्या आल्या. दगड इथल्याच खाणीतला, भिंत सव्वा फूट जाड. गवंडी म्हातारा आहे, त्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण तो दिवसातून दहा वेळा दोरीला टांगलेलं वजन भिंतीला लावून एक डोळा मिटतो. बोलतो फार थोडं. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, मालक कधी येणार. मी म्हटलं, मालक तुमच्यापुढे उभा आहे, चहा घेणार का. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

गोटीनं विचारलं होतं, घराचा नकाशा कुणी काढला. मीच काढला, खाकी कागदावर, कोटाचा नमुना काढतात तसा. ओटा माझ्या कोपराच्या उंचीला. खिडकी मशीनच्या डाव्या हाताला, म्हणजे सुईवर सावली पडत नाही. पुढची खोली बसायची आणि झोपायची. मागची खोली कामाची. तिथे मधोमध कापायचं टेबल येणार आहे, चार फूट रुंद आणि सात फूट लांब, चारी बाजूंनी फिरता येईल असं. दादा, मी एकोणचाळीस वर्षं जमिनीवर कापड पसरून गुडघ्यांवर कापलं. तुझे लग्नातले कपडे तसेच कापले, गोटीचा पहिला गणवेश तसाच कापला. मला आता उभं राहून कापायचं आहे. हे घर खरं म्हणजे त्या टेबलासाठी आहे, भिंती आणि छप्पर त्याच्या सोयीला.

इथल्या शाळेचे अकरा गणवेश आणि बोटवाल्यांचे सहा जाड कोट माझ्याकडे आले आहेत. पोट चालतं.

अबोला सोडलास तर आनंद होईल, नाही सोडलास तरी पत्रं येतच राहतील.

तुझी,
धाकटी


दि. ५ एप्रिल

चि. गोटीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. बाबांना दाखवू नकोस, त्यांना आयतं कोलीत मिळेल.

माझा मोठा घोटाळा झाला आहे. शिंपी कापडावर दोन रेघा मारतो. आतली रेघ शिवायची, बाहेरची कापायची, मधली पट्टी म्हणजे माया. मी जमिनीवर चुन्यानं तशाच दोन रेघा मारल्या. आतल्या रेघेच्या आत खोली, दोन रेघांच्या मधे भिंत. मला वाटलं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ओळंब्याच्या धंद्यात मात्र बाहेरची रेघ पाया खणण्याची असते आणि आतल्या रेघेवर भिंतीची बाहेरची बाजू येते. त्यालाही वाटलं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. दोघंही आपापल्या कामात मुरलेले, त्यामुळे कुणीच कुणाला विचारलं नाही. भिंती सगळीकडे सव्वा सव्वा फूट आत आल्या.

मला परवा कळलं. सुतार टेबल आणणार म्हणून मी वर्तमानपत्रं चिकटवून टेबलाच्या मापाचा कागद कापला आणि कामाच्या खोलीत अंथरला. खोली नऊ फूट हवी होती, ती साडेसहा भरली. कागदाच्या दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा फूट उरलं. मी काही आडवी चालणारी खेकडी नाही.

ओळंब्यानं टेबल भिंतीला लावायला सांगितलं. सुतारानं टेबलच अरुंद करतो म्हटलं. दोघांचंही म्हणणं असं की एकट्या बाईला एवढी खोली करायची काय. मी बाहेर जाऊन झाडाखाली बसले आणि खरं सांगते, रडले. मग आत आले आणि म्हटलं, मागची भिंत उसवा. अडीच फूट बाहेर घ्या. ओळंबा म्हणाला, दगड उसवत नाहीत, आणि छप्पर टाकायला आठ आठवडे उरले आहेत. मी त्याला सांगितलं की चुकलेली बाही मी उसवून पुन्हा लावते, गिऱ्हाइकाला हात आखूड कर म्हणत नाही. तो हत्यारं गोळा करून निघून गेला आहे. दोन दिवस झाले, आलेला नाही.

म्हणून आज सकाळी पहार घेऊन वरच्या थरातले चार दगड मीच काढले. हाताला फोड आलेत, त्यामुळे अक्षर असं आलं आहे.

तुझ्या चष्म्याच्या दुकानातल्या गमतीजमती लिही. माझी आठवण ठेव आणि हे पत्र जपून ठेव.

तुझी,
आत्या


दि. २२ एप्रिल

प्रिय आत्यास,
गोटीचा सा. न.

मला रागाव, मी पत्र जपून ठेवलं नाही. टेबलावर राहिलं आणि बाबांनी वाचलं. आधी ते खूप हसले, वजनमापे निरीक्षकाच्या बहिणीनं अडीच फूट खाल्ले म्हणून. मग चार दगड आणि फोड यांच्यापाशी आले आणि त्यांनी पत्र मिटून ठेवलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जमीन कचेरीला अर्ज लिहिला. मी आज त्याची प्रत पाहिली. जमीन परत घ्यावी आणि तुझे पैसे तुला द्यावेत, अशी विनंती आहे. मी त्यांच्याशी भांडले. आईही भांडली. ते म्हणतात, बहीण दगडाखाली सापडली तर अर्ज करायला उशीर झालेला असेल. आत्या, त्यांना खरंच भीती वाटते आहे. पण त्यांनी जे केलं ते बरोबर नाही, हे मला तुला सांगायचं होतं.

तू मागे हटू नकोस.

तुझीच,
गोटी


दि. ३० एप्रिल

दादास,

नमस्कार केला असं समज. आज वाकवत नाही.

कचेरीनं तुझ्या अर्जाची प्रत मला पाठवली आणि खुलासा मागितला. अक्षर सुंदर आहे, समासही सरळ सोडला आहेस. त्यात तू लिहिलंस, "सदर अर्जदार ही माझी अविवाहित धाकटी बहीण असून गेली एकोणचाळीस वर्षे माझ्या आश्रयास आहे." हे वाक्य मी चारपाच वेळा वाचलं. आश्रयास. त्या एकोणचाळीस वर्षांत तुमच्या घरातल्या एकाही माणसानं विकतचा सदरा घातला नाही. गोटीच्या कॉलेजची फी तीन वर्षं त्या मशीननं भरली. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि दाखवणारही नव्हते. तू मला ते लिहायला लावलंस, याचा राग जास्त आहे.

तुला माझी काळजी आहे, हे मला ठाऊक आहे. पण काळजी वाटली तर माणूस बहिणीला पत्र लिहितो, कचेरीला नाही.

आता कान देऊन ऐक. ओळंबा तिसऱ्या दिवशी परत आला. मी काढलेले चार दगड त्यानं पाहिले, एक डोळा मिटला आणि म्हणाला, बाई, असे काढलेत तर उरलेली भिंतही खाली येईल, बाजूला व्हा. नवा पाया खणला. भिंत पुन्हा चढते आहे. कचेरीला मी खुलासा पाठवला, तोही दोन ओळींचा. मी कुणाच्या आश्रयाला नाही. एकतीस मे रोजी येऊन पाहावे.

तू अर्ज मागे घ्यावास अशी माझी विनंती नाही. राहू दे तो तिथेच. मला त्याच्यासकट जिंकायचं आहे.

धाकटी


दि. ८ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

अर्ज मागे घेतलेला नाही. मी जे लिहिले ते वस्तुस्थितीला धरून आहे. एकतीस तारखेला काय ते ठरेलच.

हाताचे फोड बरे झाले का ते कळव.

दादा


दि. १ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोड बरे झाले.

काल तपासनीस आला. शेवटचा पत्रा परवा संध्याकाळी बसला. मागच्या भिंतीला गिलावा नाही, दरवाजाला रंग नाही, अंगणात दगडांचा ढीग आहे. पण छप्पर आहे, नळ आहे, चूल आहे आणि मी आहे. मी मुद्दाम आवरलं नाही. सकाळपासून बोटवाल्याचा कोट कापत होते, तशीच कापत राहिले.

माणूस तरुण होता, तुझ्यासारखाच शिस्तीचा. टेप घेऊन सगळं मोजलं, छताकडे पाहिलं, नळ सोडून पाहिला. मग फायलीतून तुझा अर्ज काढला. मला विचारलं, हे खरं आहे का. मी कात्री खाली न ठेवता म्हटलं, माझा भाऊ खोटं लिहीत नाही, त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं लिहिलं. तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही लिहा. ओळंबा दारात उभा होता. पाच महिन्यांत त्याचे माझ्याशी झाले नसतील एवढे शब्द तो तपासनिसाशी एका दमात बोलला. या बाईनं माझी भिंत पाडायला लावली, असं त्यानं सांगितलं, आणि आता ती भिंत गावातली सगळ्यांत सरळ भिंत आहे, असंही सांगितलं.

तपासनिसाला शेरा लिहायला टेकू हवा होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मी कापड बाजूला केलं. त्यानं माझ्याच टेबलावर कागद ठेवला, उभं राहून शेरा लिहिला आणि सही केली. "घर पूर्ण, अर्जदार स्वतः राहते, शिलाईचा व्यवसाय सुरू. जमीन कायम करावी." तुझा अर्ज त्याच्या मागे टाचणीनं जोडला आणि दोन्ही एकत्र फायलीत गेले.

त्याच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं. सही वाळेपर्यंत मी सुईला हात लावला नाही, नाहीतर तू लाच म्हणाला असतास. मग लावून दिलं.

आता हे घर कुणी मागू शकत नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं, टोचावं म्हणून नाही. थोडंसं टोचावं म्हणूनही आहे.

तुझी,
धाकटी


दि. १४ जून

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तू जिंकलीस. तुझ्या वहिनीने गल्लीत सगळ्यांना सांगितले, मला सांगायला कोणी उरले नाही.

एक गोष्ट लिहायची आहे. काल धुण्याचे यंत्र दुरुस्तीला न्यायचे होते म्हणून व्हरांडा रिकामा केला. कोपऱ्यात फरशीवर तुझ्या मशीनच्या पायांचे चार गोल डाग आहेत. त्यांच्या मागे भिंतीला एक काळपट जागा आहे, तिथे तू पाठ टेकत होतीस.  मग कपाटातून खात्याची जुनी टेप काढली. मशीन, स्टूल आणि तू, एवढ्याला किती जागा होती ते मोजले. चार फूट दोन इंच लांब, तीन फूट एक इंच रुंद. माझा विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्या टेपने पुन्हा मोजले. तेवढेच आले.

मी तीस वर्षे लोकांची मापे तपासली. किलोला दहा ग्रॅम कमी देणाऱ्याला मी दंड केला आहे. हे माप माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते एकदाही घेतले नाही. ताट वेगळे मांडले नाही, हे मी तुला मोठ्या तोंडाने लिहिले होते. जागा मात्र एवढीच दिली.

त्या अर्जातला एक शब्द चुकीचा होता. तो कोणता ते तुला माहीत आहे. कचेरीला मी आज दुरुस्तीपत्र पाठवले आहे. त्याचा आता काही उपयोग नाही, तरी फायलीत चुकीचे राहू नये.

घर पाहायला यावे असे मनात आहे. बोलावलेस तर येईन. चार दिवस राहीन म्हणतो. माझी सोय कुठेही कर, मागच्या खोलीत टेबल जरा बाजूला घेऊन खाट टाकलीस तरी चालेल.

तुझा,
दादा


दि. २१ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदाच कापडावर चुकीची रेघ मारली. ते कापड बाद झालं, त्याचा कोट मी तुझ्यासाठी शिवते आहे. जुनं माप माझ्याजवळ आहे, पण आल्यावर नव्यानं घेईन, पोट वाढलं आहे असं वहिनी कळवतात.

ये. वहिनींना आण, गोटीला रजा काढायला लाव. चार दिवस नको, दहा राहा. खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी टाकली आहे. सकाळी तिथून तळं दिसतं. चपलांची फळी भिंतीत आहे, कुणी पडणार नाही.

खात्याची टेपही आण. कामाची खोली स्वतः मोज, आडवी नऊ फूट भरते की नाही ते पाहा आणि टेबलाच्या चारी बाजूंनी एकदा चालून बघ.

टेबल मात्र हलणार नाही.

तुझी,
धाकटी